मामाच्या घासासाठी थांबलेली पोर

आर्या आणि निशांत,

मागे व्हिडिओवर बोलताना, आर्या, तू सांगितलंस की तुझ्या परदेशातल्या कॉलेजातली मुलं दर शनिवारी गरजू कुटुंबांसाठी अन्नाची खोकी भरतात आणि तूही आता जायला लागली आहेस. मग तू म्हणालीस, "आज्जी, एका बाईनं खोक्यातली पालेभाजी काढून परत दिली. म्हणाली, माझी मुलं हे खात नाहीत. भूक लागलेली मुलं काहीही खातात ना?" तेवढ्यात तुमच्या दारावर कुणी आलं आणि बोलणं तुटलं. मी मात्र त्या प्रश्नापाशीच राहिले. माझी सगळी नोकरी याच प्रश्नाभोवती गेली आहे आणि त्याचं उत्तर फोनवर देण्याजोगं नाही.

त्याच सुमारास एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे कामाच्या आठवणी मागितल्या. म्हणून हे तुम्हांला लिहिते आहे आणि अंकालाही देते आहे. मी शिकले इंग्रजीतून, तुमच्याशी निम्मं बोलणंही इंग्रजीतूनच होतं. पण ज्या बायकांबद्दल लिहायचं आहे त्यांचं बोलणं मला इंग्रजीत नेता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला, त्या गप्प होतात. तुमची आई वाचून दाखवेल. जिथं अडेल तिथं तिलाच विचारा. तीही परभणीचीच आहे.

आधी काम काय होतं ते सांगते. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी गावोगावी अंगणवाडी असते. तिथं एक सेविका आणि एक मदतनीस असते. मुलांची गाणी, गोष्टी, वजन, लशीची आठवण आणि दुपारचं गरम जेवण हे त्या दोघींचं काम. अशा वीस-पंचवीस अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या बाईला मुख्यसेविका म्हणतात. मी सेलू आणि पाथरी या दोन तालुक्यांत ती होते. एसटीनं जायचे, एसटी नसेल तिथं जीपनं, आणि जीपही जात नसेल तिथं चालत. पर्समध्ये एक लवचीक पट्टी असायची. मुलाच्या दंडाभोवती ती गुंडाळायची. हिरव्यावर थांबली तर ठीक, पिवळ्यावर थांबली तर लक्ष ठेवायचं, लालवर आली तर मूल धोक्यात आहे. इतकं साधं साधन, पण लाल रंग दिसला की मी पट्टी सोडून पुन्हा एकदा गुंडाळून बघायचे. शेवटच्या वर्षापर्यंत बघायचे.

तीन वर्षांखालच्या मुलांना घरी न्यायला पिठाची पाकिटं मिळत. एका गावात गेले तर शेळ्या फार तुकतुकीत दिसल्या. मी काही बोलण्याआधीच एक बाई म्हणाली, "मॅडम, खरं सांगू का? लेकरं थुकतेत. शेळ्या थुकत न्हाईत." बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. काय करणार, शेळ्यांचं वजन खरंच वाढलं होतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला देवगाव फाट्याजवळच्या एका बाईनं दिलं. फाट्यावरच्या प्रत्येक दुकानाच्या दारात कुरकुरीत खाऊच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. ही बाई रोजानं शेतात निंदायला जायची आणि जाताना मुलाच्या हातात एक पुडा द्यायची. मी तिला भाजीचं सांगायला लागले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, पुडा दिला की खातंय अन् गप बसतंय. मी भाजी केली अन् त्यानं थुकली, तर त्याला दुसरं काय घालू? घरात दुसरं असतंय का?"

हे नीट समजून घे, आर्या. कुठलीही नवी चव लहान मूल पहिल्यांदा नाकारतं. दुसऱ्यांदा नाकारतं. पुष्कळदा नाकारून मग एक दिवस खातं. तू लहानपणी दुधी भोपळा किती वेळा थुंकलीस ते तुझ्या आईला विचार. आपण तो पुसून घेतला, टाकून दिला आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा केला. ज्या घरात मोजकंच शिजतं, त्या घराला मुलाचा नकार परवडत नाही. आई धोका पत्करत नाही. जे नक्की पोटात जाईल तेच देते. म्हणून सगळ्यांत उपाशी मुलाची जीभ सगळ्यांत कमी चवी ओळखते. तुमच्याकडच्या त्या बाईनं भाजी परत केली, ती मला फार ओळखीची वाटली.

आता कोमलची गोष्ट. तिच्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण यातली बरीच माणसं तिथं राहतात. वालूरहून सेलूला जाणाऱ्या रस्त्यावर ते आहे, एवढं पुरे. माणसांची नावंही बदलली आहेत.

पोळा होऊन गेला होता. वजनाच्या दिवशी मी अंगणवाडीत होते. सेविका रुक्मिणताई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मॅडम, ती दारातली कौसाबाईची नात. दीड वर्षाची झाली, पण आणीतच न्हाईत तिला. आज मीच घरी जाऊन बोलावलंय." दारात एक म्हातारी उभी होती, ताठ, नाकात मोठी नथणी. तिच्यामागं सून सविता आणि सविताच्या कडेवर कोमल. मी पट्टी लावली. लाल.

"काय खाते ही?"

"दूध पिते," सविता म्हणाली. "अंगावरचं. अन् चहा-बिस्कीट."

"भात? वरण? भाकरी कुस्करून?"

सवितानं सासूकडे पाहिलं. कौसाबाई शांतपणे म्हणाल्या, "उष्टावण न्हाई झालं अजून तिचं."

सहा-सात महिन्यांच्या मुलाला पहिल्यांदा शिजवलेलं अन्न भरवतात, त्याला उष्टावण म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. तो पहिला घास मामानं भरवायचा असतो. आपल्याकडे माझ्या वडिलांनी बरेच विधी सोडून दिले, तरी तुमच्या आईला पहिला घास माझ्या भावानंच भरवला. छान रीत आहे ती. पण मामा आला नाही तर? बहुतेक घरांत काही दिवस वाट बघतात आणि मग कुणीतरी भरवून मोकळं होतं. कौसाबाईंच्या घरात कुणी तसं मोकळं झालं नव्हतं.

"मावशी, मग बिस्कीट कसं चालतं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच लहान आहे. "बिस्कीट काय अन्न हाय का?"

मी परभणीला गृहविज्ञान शिकलेली बाई. बिस्किटात काय असतं आणि काय नसतं ते मी इंग्रजीत घडाघडा सांगू शकले असते. पण कौसाबाईंचं म्हणणं त्यांच्या बाजूनं पक्कं होतं. अन्न म्हणजे चुलीवर शिजलेलं धान्य. ते मामाच्या हातून सुरू व्हायचं. तोवर जे पोटात जाईल ते नुसतं तोंड हलवणं. पोरीचा जन्म झाल्यापासून घरात कुणी वाईट वागलं नव्हतं. सगळे फक्त थांबले होते.

मामा का आला नाही, तेही रुक्मिणताईंनी सांगितलं. बारशाला मांडवात आहेर झाला. आमच्या भागात पाहुण्याला टोपी-टॉवेल देऊन मान करतात, आणि कुणाला आधी, कुणाला नंतर याला फार महत्त्व. मामाच्या आधी कौसाबाईंच्या भावकीतल्या एका पोराच्या डोक्यावर टोपी चढली. मामा जेवण न करता उठून गेला. त्या दिवसापासून येणं-जाणं बंद.

एरवी मी अशा वेळी धीर धरला असता. घरी चार चकरा मारल्या असत्या, म्हातारीशी गप्पा मारल्या असत्या. इथं धीर धरायला वेळ नव्हता. सविता आणि तिचा नवरा ऊसतोडीला जात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्यानं भागत नाही. दसरा झाला की मुकादमाची गाडी येते आणि गावातली तरणी माणसं गुढीपाडव्यापर्यंत कारखान्याच्या रानात जातात. मागच्या हिवाळ्यात कोमल तान्ही होती म्हणून बरोबर नेली. तिथं पाचटाच्या खोपीत तिला न्यूमोनिया झाला होता आणि ती कशीबशी वाचली होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी सविताला स्पष्ट सांगितलं होतं, यंदाची थंडी ही पोर रानात काढणार नाही.

म्हणजे कोमलला आजीजवळ ठेवायला हवं होतं. पण ठेवायचं तर आईचं दूध सुटणार, आणि पोर दुसरं काही खात नाही. कौसाबाईही तेच म्हणाल्या, "खाईना तर मी काय घालू तिला? माझ्या छातीला दूध हाय का? न्या तुमची तुमी." गाडी येण्याआधी ती पोर अन्न खायला लागली तर गावात राहील, नाही लागली तर उसाच्या फडात जाईल. एवढाच प्रश्न होता.

मी वालूरला गेले. मामाचं घर नीटनेटकं होतं. त्यानं मला खुर्ची दिली, चहा केला. नाव दत्ता. वाईट माणूस मुळीच नाही.

"मॅडम, भाची माझी हाय. मला काय काळीज न्हाई? पण भर मांडवात माझ्याआधी दुसऱ्याच्या डोक्यावर टोपी घातली. अन् माझ्या हातात काय दिलं, टॉवेल. तेबी घडी मोडलेला."

"दत्ताभाऊ, पोर मरायला टेकली आहे."

त्यानं रिकामी कपबशी उचलून बाजूला ठेवली. "म्हातारीनं एक निरोप धाडावा. माणूस कुणी का असंना. निरोप आला की उद्या सकाळी येतो, कपडे घेऊन येतो पोरीला."

मी तसाच निरोप कौसाबाईंकडे नेला. त्या ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबलं नाही. "पोराकडचे आमी. आमी वाकायचं? त्याला भाचीची फिकीर असती तर मान मागत बसला असता का?"

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि मधे ते लाल दंडाचं लेकरू होतं. मी पुन्हा एकदा वालूरला गेले. पुन्हा चहा झाला.

नवरात्र सुरू झालं. एक दिवस सविता एकटीच अंगणवाडीत आली. मुलं घरी गेली होती, रुक्मिणताई भांडी घासायला मदत करत होत्या. सविता दाराला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मामाच लागतो ना? माझा भाऊ न्हाई येत. पण माझं गाव तर रोज इथून जातंय."

मला लगेच कळलं नाही. तिनं रस्त्याकडे मान केली. "सिद्धार्थची जीप. वालूरचाच हाय. शाळेत माझ्या मागं बसायचा. आजून ताईच म्हणतो मला."

सिद्धार्थ बौद्ध, आपल्यासारखाच. हे मुद्दाम लिहिते, कारण तुम्हांला ते नावावरून कळणार नाही; तिथं मात्र माणूस गाडीतून उतरायच्या आधीच कळतं. माहेरच्या गावचा कुणीही माणूस भाऊ असतो, हे सगळे म्हणतात. सासरी गाठ पडली की त्याच्याशी चार शब्द बोलतात, आईला निरोप धाडतात. पण पोरीच्या तोंडात त्यानं हातानं पहिला घास घालायचा, ही गोष्ट वेगळी. कौसाबाईंच्या घरी मी कितीतरी वेळा गेले. बसायला पोतं मिळायचं, बोलणं आदबीनं व्हायचं. पाणी मी कधी मागितलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही. सविताला हे सगळं दिसत होतं. म्हणूनच ती आधी माझ्याकडे आली असावी.

"सासूबाईंना विचारलंस?" मी म्हटलं.

"इचारलं तर न्हाई म्हणतील. न इचारता केलं तर नुसत्या चिडतील. चिडलेलं मला सोसतंय."

रुक्मिणताईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "उद्या मुगाची खिचडी मऊ शिजवते," त्या म्हणाल्या. त्याही कौसाबाईंच्याच भावकीतल्या होत्या. त्यांनाही गावात राहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली ती नेहमीसारखी भरून, मागं लोंबकळणारी दोन माणसं धरून. सविता रस्त्याच्या मधोमध कोमलला घेऊन उभी राहिली. सिद्धार्थनं ब्रेक मारला. सविता काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण तो खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. तो आधी माझ्याजवळ आला.

"मॅडम, तुमी सांगितलं का तिला हे?"

"नाही. तिचं तिनं ठरवलं."

"तिच्या सासूला मालूम हाय का? मला रोज याच रस्त्यानं गाडी न्यायची हाय."

"सिद्धू," सविता मागून म्हणाली, "तू हात धू."

जीपमधून कुणीतरी ओरडलं, "काय लगीन लागायलंय का तिथं? सेलूचा बाजार उठंल तवर."

"बसा की मामा जरा," सिद्धार्थ म्हणाला. "भाचीला घास भरवायचा हाय. असं काम रोज येतंय का?"

ते ऐकल्यावर गाडीतल्या बायका एक एक करून खाली उतरल्या. सिद्धार्थनं अंगणवाडीच्या रांजणापाशी कोपरापर्यंत हात धुतले. रुक्मिणताईंनी पाट मांडला. कोमलला सविताच्या मांडीवर बसवलं. खिचडीची वाफ येत होती.

"फुंकर की आधी," एक म्हातारी त्याला म्हणाली. "तोंड भाजंल लेकराचं. कधी भरवलं न्हाईस का कुणाला?"

"माझं लगीन कुठं झालंय आजी."

"मग आधी शीक, मग कर."

त्यानं फुंकलं. बोटाच्या टोकावर जरासं घेतलं. कोमलनं ओठ घट्ट मिटले. त्यानं ओठांना नुसतं लावलं. तिनं जीभ बाहेर काढून ते ढकलून दिलं. पुन्हा लावलं, पुन्हा ढकललं. कुणी हसलं नाही. मग तो थांबला, कारण त्याचं लक्ष समोर गेलं. गल्लीच्या तोंडाशी कौसाबाई घागर घेऊन उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

सिद्धार्थचा हात तसाच हवेत राहिला.

"भरव," सविता म्हणाली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

त्यानं भरवलं. या वेळी घास आत राहिला. कोमलच्या चेहऱ्यावर मोठी शंका दिसत होती. तिला चावता येत नव्हतं. दीड वर्षात दातांना काम पडलं नव्हतं. तिनं तो जिभेनं टाळूला दाबून धरला आणि बऱ्याच वेळानं गिळला. सिद्धार्थ उठला, कुणाकडेही न बघता जीपमध्ये बसला आणि हॉर्न वाजवला. कौसाबाई घागर घेऊन घरात गेल्या.

दुपारी रुक्मिणताई त्यांच्या घराकडून जाऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "मॅडम, सांगू का नको." मग त्यांनी सांगितलंच. कौसाबाईंनी पोरीला घेऊन न्हाणीवर बसवलं आणि डोक्यावरून अंघोळ घातली. कशासाठी ते सांगायची गरज नव्हती. अंग पुसलं, टीट लावली. मग चुलीवरचा भात घेतला, त्यावर पातळ वरण घातलं आणि स्वतःच्या हातानं पोरीच्या तोंडात दुसरा घास घातला. सुनेशी एक शब्दही बोलल्या नाहीत.

मला त्या अंघोळीचा राग आला. आज लिहितानाही येतो आहे. पण दुसऱ्या घासाचा आनंदही तितकाच झाला, आणि या दोन गोष्टी माझ्या मनात अजून एकत्र बसत नाहीत. तुम्हांला त्यातून काही नीट अर्थ काढून द्यावा असं वाटतं, पण तो मला सापडलेला नाही. सिद्धार्थच्या कानावरही ते गेलंच. काही दिवसांनी त्याच्या जीपनं सेलूला जाताना मी विषय काढला. तो आरशात मागची माणसं मोजत होता. म्हणाला, "घालू द्या अंघोळ, मॅडम. अंघोळीनं पोटातला घास थोडाच निघतोय?" आणि गाडी सुरू केली.

मुकादमाची गाडी आली तेव्हा कोमल आजीच्या कडेवर होती. सविता मागच्या फाळक्याला धरून उभी होती. तिनं हात हलवला नाही. गाडी वळेपर्यंत ती पोरीच्या तोंडाकडे बघत होती.

पहिला घास झाला म्हणजे मूल खायला लागलं असं नाही. खरं काम तिथून पुढचं. कोमलचं वय अंगणवाडीत बसायचं नव्हतं, पण आम्ही तिला मोठ्या मुलांच्या पंगतीत बसवायचं ठरवलं, कारण मूल मोठ्यांपेक्षा मुलांकडे बघून जास्त खातं. कौसाबाई तिला घेऊन यायच्या आणि स्वतः दाराबाहेर पायरीवर बसायच्या.

आमची पद्धत साधी होती. भाजी आली की शिजवायच्या आधी ती मुलांच्या हातात द्यायची. मेथी निवडू द्यायची, शेंगा सोलू द्यायच्या, पान चुरगाळून वास घेऊ द्यायचा. हातांची ओळख झाली की तोंडाला भीती कमी वाटते. मग जेवताना प्रत्येकानं नव्या पदार्थाचा एक कण जिभेवर ठेवायचा. नाही आवडला तर थुंकायचा. त्यासाठी पंगतीच्या टोकाला एक वेगळं ताट ठेवलेलं असायचं. थुंकल्याबद्दल कुणी रागवायचं नाही, गिळल्याबद्दल कुणी टाळ्या वाजवायच्या नाहीत. घरच्या आईला जो नकार परवडत नाही तो आम्ही परवडून घ्यायचो. अंगणवाडीचा मला कळलेला सगळ्यांत मोठा उपयोग तो.

कौसाबाईंना ते ताट पाहवत नसे. "माजवायल्यात लेकरं," त्या पायरीवरून म्हणायच्या. "आमच्या टायमाला ताटात पडंल ते गिळायचं."

"गिळलं की आवडायचं का मावशी?" रुक्मिणताई विचारायच्या.

"आवडायचं कशाला? पोट भरायला खायचं."

हे वाक्य मी आयुष्यभर फार घरांतून ऐकलं आहे. ज्यांना अन्न कधी पुरलं नाही, त्यांना आवडीचा शब्दच चैनीचा वाटतो. आणि जे आवडत नाही ते मूल फक्त भीतीनं खातं. भीती संपली की सोडून देतं. एक दिवस रुक्मिणताईंनी नुसतंच विचारलं, "मावशी, तुमाला काय आवडतं?"

कौसाबाईंनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. मला वाटलं, राग आला. मुलांची ताटं उचलून झाली, पंगत पुसून झाली. मग पायरीवरून आवाज आला, "अंबाडी. ज्वारीच्या कण्या घालून. वरून लसणाची फोडणी. माय करायची."

बहुधा त्यांना हे आजवर कुणी विचारलंच नसावं.

पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा त्या पायरीवर नव्हत्या, चुलीपाशी होत्या. शेताच्या बांधावरची अंबाडी त्यांनी स्वतः खुडून आणली होती आणि मुलांपुढे टाकली होती. मुलं देठ वेगळे करत होती आणि कच्ची पानं चावून एकमेकांना तोंडं वाकडी करून दाखवत होती. भाजी झाली. कोमलच्या जिभेवर त्यांनी कण ठेवला. चहा-बिस्किटाच्या गोडावर वाढलेली ती जीभ. आंबट चव तिला माहीतच नव्हती. तिनं डोळे मिटले, सगळं अंग शहारलं, खांदे वर गेले. रुक्मिणताईंनी थुंकायचं ताट पुढं सरकवलं. कोमलनं ते हातानं बाजूला ढकललं आणि कौसाबाईंच्या वाटीत बोटं घातली.

"आगं, आगं," कौसाबाई म्हणाल्या. "माझ्यावर गेली की ही." आणि मग पदरानं स्वतःचंच तोंड पुसायला लागल्या.

त्यानंतर सगळं सरळ झालं नाही. मधे एकदा जुलाब झाले, पुष्कळ दिवस पोर पुन्हा बिस्किटावर गेली. अंडं तिनं शेवटपर्यंत थुंकलं. पण हिवाळा सरता सरता पट्टी पिवळ्यावर आली आणि तिथं टिकली.

पाडव्याच्या आसपास गाडी परत आली. सविता काळवंडली होती, हातांना उसाच्या पात्यांचे चरे होते. कोमल तिला आधी ओळखेना. आजीच्या मागं लपली. सविता हातपाय धुऊन भाकरी घेऊन बसली. पुढचं तिनं मला नंतर सांगितलं. "जेवत होते, मॅडम. मागून आली अन् माझ्या ताटातली भाकर मोडून घेतली. बोलली न्हाई, हसली न्हाई. खाल्ली अन् दुसऱ्या तुकड्याला हात घातला. मी जेवायचीच थांबले. म्हटलं खाऊ दे, सगळी खाऊ दे."

आता खंत सांगते. कोमल शाळेत आहे, चलाख आहे, पण वर्गात सगळ्यांत बुटकी. ते वाट बघण्यात गेलेले महिने उंचीत परत येत नाहीत. दत्ता नंतर भाचीसाठी कपडे धाडायचा, स्वतः मात्र त्या उंबऱ्यावर चढला नाही. कौसाबाई गेल्या तेव्हाही तो बाहेरच्या बाहेर येऊन गेला. सिद्धार्थनं जीप विकली; तो आता पुण्याला गाडी चालवतो. रुक्मिणताई निवृत्त झाल्या, मीही झाले. अंगणवाडीला नवी खोली आणि रंगीत भिंती मिळाल्या. दुकानाच्या दारातल्या पुड्यांच्या माळा आधीपेक्षा लांब झाल्या आहेत.

मागच्या थंडीत मी सहज कोमलच्या गावी गेले होते. नवी सेविका तरुण आहे, मला ओळखत नव्हती. त्या दिवशी एका तान्ह्या पोराचं उष्टावण चाललं होतं. भरवणारा माणूस पाण्याच्या टाकीवरचा वायरमन होता. दुरुस्तीला आला होता आणि पोराच्या आईच्या माहेरच्या बाजूचा निघाला होता. मी सेविकेला विचारलं, "मामा आला नाही का?" ती म्हणाली, "आला तर बरंच, मॅडम. पण आमच्या गावात थांबत न्हाईत त्यासाठी. पहिल्यापासून तसंच हाय."

पहिल्यापासून तसं नव्हतं, पण मी काही बोलले नाही. त्या गावात आता लेकरू सहा महिन्यांचं झालं की त्याच महिन्यात त्याला घास भरवतात, आणि जो माणूस हजर असेल तो भरवतो. एवढं टिकलं आहे.

तुमची आज्जी